व्हीटीला उतरल्यावर कुठल्या दारानं बाहेर पडायचं

पहिल्यांदा मुंबईला आलेला माणूस फोनवर हमखास सांगतो, "मी व्हीटीला उतरलोय, मोठ्या घड्याळाखाली उभा आहे." त्याला न्यायला आलेलाही घड्याळाखालीच उभा असतो, पण दोघं एकमेकांना दिसत नाहीत. एक बाहेर दर्शनी घड्याळाखाली महापालिकेकडे तोंड करून, दुसरा आत मेलच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या, हॉलमधल्या घड्याळाखाली. मधे पाच मिनिटांची चाल आणि हजारभर डोकी. दोघंही खरंच बोलत असतात.

नावांचंही तसंच. बोरीबंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिकिटावर सीएसएमटी छापतात, टॅक्सीवाला व्हीटी म्हणतो, पुण्याची काकू सीएसटी म्हणते. चारही एकच, त्यात घोळ नाही. घोळ होतो तो 'मुंबई सेंट्रल'शी. सेंट्रल रेल्वेची गाडी म्हणजे मुंबई सेंट्रलहून सुटणार असं समजून टॅक्सी करणारे आजही भेटतात. मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचं स्टेशन, तिथून गुजरात-दिल्लीकडच्या गाड्या सुटतात. मध्य रेल्वेचं मुख्यालय आणि मुख्य टर्मिनस व्हीटी.

हे एक स्टेशन नाही, एकमेकांना चिकटलेली तीन स्टेशनं आहेत असं धरून चाला, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पहिलं लोकलचं, दुसरं मेलचं आणि तिसरं जमिनीखालचं, म्हणजे सबवे आणि मेट्रो. तिघांची दारं वेगळी, गर्दीच्या वेळा वेगळ्या.

डोक्यात नकाशा असा बसवा. सगळे रूळ उत्तरेकडून येतात आणि दक्षिणेला संपतात, पुढे वाट नाही. फलाट १ पश्चिमेच्या कडेला, दादाभाई नौरोजी रस्त्याच्या बाजूला. तिथून पूर्वेकडे मोजत गेलं की १८ नंबर पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला येतो. १ ते ७ लोकल, ८ ते १८ मेल-एक्स्प्रेस. मुंबईत येणारी गाडी ज्या दिशेनं फलाटात शिरली त्याच दिशेनं उतरून पुढे चालत राहिलं की तुम्ही दक्षिणेच्या मोकळ्या हॉलमध्ये येता. उजवीकडे लोकलची बाजू आणि महापालिका, डावीकडे मेलची बाजू, जनरल पोस्ट ऑफिस आणि पलीकडे सेंट जॉर्ज हॉस्पिटल.

१४ ते १८ हे फलाट मात्र या हिशेबात बसत नाहीत. त्यांची तोंडं मुख्य हॉलपासून बरीच आत, उत्तरेला आहेत. लोकलनं येऊन १८ नंबरवरची गाडी पकडायची असेल आणि हातात दोन बॅगा असतील तर नुसत्या चालण्याला १० ते १२ मिनिटं धरा. टॅक्सीनं येत असाल तर दर्शनी इमारतीसमोर उतरूच नका, चालकाला थेट "पी. डिमेलो रोड, अठरा नंबर" असं सांगा. सध्या स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्यानं जागोजाग पत्रे उभे आहेत आणि नेहमीची वाट अचानक बंद मिळते, म्हणून आणखी १० मिनिटं पदरात ठेवलेली बरी. त्या बाजूला हेरिटेज गल्लीत रेल्वेची जुनी यंत्रं मांडली आहेत आणि जुन्या डब्यात थाटलेलं हॉटेलही आहे. गाडी उशिरा असेल तर पोरांना रमवायला ही जागा प्रतीक्षालयापेक्षा केव्हाही चांगली.

आता लोकल. फलाट १ आणि २ हार्बरचे, म्हणजे वाशी-पनवेलच्या मार्गाचे. ३ ते ७ मेन लाइनचे, म्हणजे दादर-ठाणे-कल्याणच्या मार्गाचे. त्यातही धीम्या गाड्या बहुतेक ३-४ वरून आणि जलद ५, ६, ७ वरून, पण हे 'बहुतेक'च. खरं काय ते इंडिकेटर सांगतो आणि शेवटच्या मिनिटाला फलाट बदलला तर माईक सांगतो. इंडिकेटरवर आधी गाडी कुठपर्यंत जाणार त्याचं अक्षर, मग एस किंवा एफ, म्हणजे धीमी की जलद, आणि वेळ. ठाण्याला टी, कल्याणला के, अंबरनाथला ए, बदलापूरला बीएल. इथपर्यंत सोपं आहे. कर्जतला मात्र एस आणि कसाऱ्याला एन. के कल्याणनं आधीच घेतलेला. कल्याणनंतर एक फाटा आग्नेयेला कर्जतकडे वळतो, दुसरा ईशान्येला कसाऱ्याकडे, त्यातल्या दक्षिणेचा एस आणि उत्तरेचा एन. म्हणून इंडिकेटरवर दोनदा एस दिसला तर ती कर्जत धीमी. माथेरानला निघालेला माणूस नेरळसाठी कर्जत गाडीचा के शोधत बसतो, आणि समोरून एस निघून जाते.

हार्बरबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ती दादरला जात नाही. व्हीटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड इथपर्यंत दोन्ही मार्गांची स्टेशनं सारखी, सँडहर्स्ट रोडला तर हार्बरचे फलाट वरच्या मजल्यावर आहेत. तिथून हार्बर वडाळ्याकडे वळते. पुढे एक शाखा कुर्ल्यामार्गे वाशी-पनवेलला, दुसरी माहीम-वांद्र्यावरून गोरेगावला. फलाट १-२ सबवेला सगळ्यांत जवळ असल्यानं नवखा माणूस तिथलीच पहिली गाडी पकडतो आणि वडाळ्याला पोहोचल्यावर "दादर कधी येईल" असं विचारतो.

जलद गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर करत ठाण्याला जाते. मस्जिद, चिंचपोकळी, करी रोडला ती थांबत नाही. गणपतीत लालबागला जायचं असेल तर धीमीच धरायची.

तिकिटाचं सांगायचं तर खिडकीवरची रांग दिसते तितकी वाईट नसते, पण संध्याकाळी ५ ते ९ मध्ये तिच्या नादी लागू नये. कमीत कमी भाडं दुसऱ्या वर्गाला ५ रुपये. एटीव्हीएम यंत्रावर स्टेशन निवडा, वर्ग निवडा, एकमार्गी की परतीचं ते ठरवा, पैसे यूपीआयनं भरा, कागद बाहेर येतो. बऱ्याच यंत्रांशेजारी रेल्वेनं नेमलेला मदतनीस बसलेला असतो, अनेकदा निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्याला रोख पैसे देऊन "ठाणा रिटर्न एक" म्हटलं की त्याची बोटं तुमच्या दसपट वेगानं चालतात. रेलवन अ‍ॅपवर तिकीट काढायचं असेल तर स्टेशनात पाऊल टाकण्याआधी, रस्त्यावर असतानाच काढा. जीपीएस तुम्हाला स्टेशनच्या आत दाखवत असेल तर कागदाविना तिकीट मिळत नाही. टीसी समोर दिसल्यावर खिशातून मोबाइल काढणाऱ्यांसाठीच ही सोय बंद ठेवली आहे. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावं लागतं. मोबाइलची बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर चुकून पहिल्या वर्गात चढलात तरी दंड भरावाच लागतो, आणि "कळलं नाही" हे टीसीनं दिवसातून पन्नासदा ऐकलेलं असतं. पहिल्या वर्गाच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात, चढण्याआधी तेवढे बघा. एसी लोकलचं भाडं वेगळं, किमान ३५ रुपये. साधं तिकीट तिथे चालत नाही.

बसायला जागा हवी असेल तर सगळी मेख शेवटच्या स्टेशनच्या रचनेत आहे. फलाटावर यायला वाट एकाच टोकाला, त्यामुळे लोक हॉलमधून आत शिरतात आणि समोर दिसेल त्या डब्यात घुसतात. पहिले तीन डबे खचाखच भरलेले, पुढे चार-पाच डबे चालत गेलं की खिडकीसुद्धा मिळते. गाडी सुटायला तीन मिनिटं असतील तर ही चाल नक्की जमते. एक मिनिट उरलं असेल तर मात्र मिळेल तिथे चढा.

लोकल फलाटात शिरते ते दृश्य एकदा लांबून बघण्यासारखं असतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला कठड्यापाशी बाजूला उभं राहा. गाडी अजून चालतीच असते आणि माणसं दांडा धरून आत उडी घेतात, आतून उतरणारे त्याच दारातून बाहेर झेपावतात. ज्याला पकडायची सवय आहे तो आधी पिशवी पोटाशी घेतो, उजवा हात दांड्यावर ठेवतो आणि डब्याबरोबर दोन पावलं धावतो. हे पाहायचं, करायचं नाही. यात दरवर्षी माणसं रुळांत जातात. प्रवाशानं गाडी पूर्ण थांबू द्यावी, उतरणाऱ्यांचा लोंढा ओसरू द्यावा, मग चढावं. जागा गेली तर पुढची गाडी चार-पाच मिनिटांत येते. सकाळी ८ ते ११ मध्ये उलटा प्रकार असतो: व्हीटीकडे येणाऱ्या गाड्या ठासून भरलेल्या आणि व्हीटीहून सुटणाऱ्या निम्म्या रिकाम्या. मोठी बॅग घेऊन ठाण्या-कल्याणकडे जायचं असेल तर हीच वेळ.

रविवारी मेगाब्लॉक. साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ मध्ये मेन लाइनचा एक टप्पा आणि हार्बरचा एक टप्पा दुरुस्तीला घेतात. वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं. हार्बर बंद असेल तर वाशी-पनवेलला ठाण्यावरून ट्रान्स-हार्बरनं जावं लागतं आणि तासभर जादा लागतो. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याच्या पट्ट्यात पाणी भरलं की मेन लाइन ठप्प होते. अशा वेळी व्हीटीत गाडीची वाट बघत उभं राहण्यापेक्षा सरळ चर्चगेट गाठावं. अंतर दीडेक किलोमीटर, पायी २० मिनिटं. पश्चिम रेल्वे बऱ्याचदा चालू असते, निदान दादर तरी गाठता येतं.

मेलच्या बाजूचा पहिला नियम: गाडी खरंच इथूनच सुटते ना, ते तिकिटावर वाचा. कोकणात जाणाऱ्यांची इथे फार फसगत होते. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी व्हीटीहून. तुतारी दादरहून. नेत्रावती आणि मत्स्यगंधा लोकमान्य टिळक टर्मिनसहून, म्हणजे कुर्ल्याजवळून. व्हीटीत येऊन चूक कळली तर हार्बरची पनवेल किंवा वाशी गाडी धरा, टिळकनगरला उतरा, तिथून टर्मिनस पायी. एकूण पाऊण तास. रस्त्यानं टॅक्सी केली तर किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. दुसरं असं की फलाटांची किंवा रुळांची कामं निघाली की काही गाड्या दादर, ठाणे किंवा पनवेलपर्यंतच येतात आणि तिथूनच परत सुटतात. रेल्वेचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका.

तिसरी गोष्ट खास बाहेरगावहून उपचारासाठी येणाऱ्यांकरता. टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला जायचं असेल तर व्हीटीपर्यंत यायचंच नाही. दोन्ही परळला, आणि बहुतेक मेल गाड्या दादरला थांबतात. तिथेच उतरा, टॅक्सी जवळ पडते. पेशंटला घेऊन व्हीटीला उतरून पुन्हा उलट परळला येण्यात तासभर आणि पेशंटचं सगळं अवसान जातं. जे. जे. ला जाणाऱ्यांनी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड. सेंट जॉर्ज आणि कामा या हॉस्पिटलांसाठी मात्र व्हीटी सोयीचं.

मंत्रालयात काम असणाऱ्यांचं आयुष्य मात्र ऑक्टोबर २०२५ पासून सोपं झालंय. भुयारी मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं. व्हीटीच्या सबवेतून मेट्रोत उतरायचं, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरं विधान भवन. हायकोर्टाला हुतात्मा चौक. उलट दिशेनं सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलं याच एका मार्गावर. भाडं १० ते ७० रुपये. विमान पकडायला व्हीटीहून टॅक्सी करण्याचं कारणच आता उरलेलं नाही, फक्त रात्री साडेदहाच्या सुमारास मेट्रो बंद होते हे ध्यानात ठेवा. जमिनीखाली मोबाइलचं नेटवर्क दगा देऊ शकतं, म्हणून तिकिटाचे पैसे वरच भरून घ्या आणि "पोहोचलो की फोन करतो" असं घरच्यांना आधीच कळवा.

सबवे हा या सगळ्याचा सांधा. वर दादाभाई नौरोजी रस्त्याला कठडे आहेत, गाड्या थांबत नाहीत, ओलांडायचा प्रयत्न नकोच. खाली पट्टे, मोबाइलची कव्हरं, चार्जर विकणाऱ्यांच्या मधून रस्ता जातो आणि प्रत्येक जिना वेगळ्याच ठिकाणी वर निघतो: एक महापालिकेकडे, एक आझाद मैदानाकडे, एक फोर्टच्या बाजूला. चुकीच्या जिन्यानं वर आलात तर घाबरायचं कारण नाही, परत खाली उतरून दुसरा धरा, दोन मिनिटांचं नुकसान. आझाद मैदानात मोठं आंदोलन असेल त्या दिवशी मात्र सबवे टाळा, तिथली गर्दी हलत नाही. तेव्हा हिमालय पूल कामाला येतो. जुना पूल १४ मार्च २०१९ ला कोसळला होता, त्यात माणसांचा जीव गेला. नवा २०२३ मध्ये खुला झाला. तो फलाट १ च्या बाजूनं रस्त्यापलीकडे नेतो.

रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, मीटरनं. मीटर टाकायला नकार देणारा भेटला तर वाद घालू नका, मागची टॅक्सी घ्या. नरिमन पॉइंट, चर्चगेटकडे ऑफिसच्या वेळेत शेअर टॅक्सीच्या रांगा लागतात, चार जण भरले की निघते. बेस्टच्या बसा समोर भाटिया बागेतून सुटतात, साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२.

आता इमारत. घाई नसेल तर तिला एक तास द्या, आणि सुरुवात आतून करा. लोकलच्या तिकीट खिडक्यांचा हॉल, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, तिथे सगळे मान खाली घालून मोबाइल बघत उभे असतात. तुम्ही मान वर करा. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. खांबांच्या माथ्यांवर दगडात पानं कोरलेली, त्या पानांतून डोकावणारे प्राणी-पक्षी. दोन खांबांची नक्षी शेजारी शेजारी ताडून बघा, सारखी निघत नाही. हे कोरीवकाम जवळच्याच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. ज्या ओळीत उभं राहून आपण 'एक दादर' मागतो तिच्या डोक्यावर हा ऐवज आहे.

बाहेरून बघायला महापालिकेच्या कोपऱ्यावरचा फुटपाथ उत्तम. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं आराखडा केला, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. महापालिकेची इमारतही त्याचीच, त्यामुळे तिथे उभं राहिलं की एकाच माणसाची दोन कामं समोरासमोर दिसतात. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली बाई म्हणजे प्रगती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: सिंह इंग्लंड, वाघ हिंदुस्थान. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसेल, तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. भिंतीवरच्या गोल चौकटींमधल्या चेहऱ्यांत आपले नाना जगन्नाथ शंकरशेटही आहेत. इथल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्या मागच्या कंपनीचे ते संचालक. युनेस्कोच्या यादीत इमारत २००४ ला आली. आतला मुख्य जिना आणि घुमटाखालचा भाग हे रेल्वेचं कार्यालय आहे, ते बघायला कामाच्या दिवशी दुपारीच जावं लागतं. रविवारी गेलात तर फाटकातूनच परत. मोबाइलनं फोटो काढायला कुणी अडवत नाही, ट्रायपॉड उघडला की जवान आलाच.

मेलच्या हॉलमध्ये २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गेलेल्यांचा स्मृतिफलक आहे. बॅगा टेकवायला आडोसा म्हणून त्याच्यासमोर ढीग लावू नये एवढंच.

भूक लागली की रस्ता ओलांडा, म्हणजे सबवेनं. कॅपिटॉल सिनेमाशेजारी आरामचा वडापाव. महापालिकेच्या बाजूला जिन्यापाशी कॅननची पावभाजी. बसून जेवायचं असेल तर बोराबाजारच्या तोंडाशी पंचम पुरीवाला. गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, ऑर्डर दिल्यापासून ताट पुढ्यात यायला पाच मिनिटं. दख्खनच्या राणीची वेळ संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांची, त्यामुळे साडेचारला तिथे बसलात तर दुसरी प्लेट मागवू नका. रात्री ११ वाजून ५ मिनिटांची कोकणकन्या असेल तर मागवा.